समोरच्या बेटावरचा शेवटचा उंदीर निघेपर्यंत साथ द्या, मंडळाचं आवाहन

राम राम मंडळी. नारळी पौर्णिमा झाल्यावर आपल्या मंडळाची सहा जणं समोरच्या बेटावर जाऊन आली, त्यात मीपण होतो. बेटाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, नाव टाकलं की फोटो काढायला होड्या भरून माणसं जातात आणि सध्या तिथे नेमकं तेच नको आहे. गावच्या माणसाला कुठलं बेट ते कळलंच असेल.

मे महिन्यात होडीतूनच लांबून बघितलं होतं, कातळाच्या सापटीत सुरय, म्हणजे समुद्री पक्षी, बसलेले. एका जोडीचं एकच अंडं, घरटं म्हणावं असं काही नाहीच, उघडा खडक आणि त्यावर ठिपक्यांचं अंडं. मग 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, दोन महिने तिकडे कोण फिरकत नाही. पावसाळ्यानंतर उतरलो तर सापटीसापटीत नुसती कवचं. पिल्लू फोडून बाहेर आलं असेल तर कवच ओळखू येतं, एका बाजूचं टोपण गोल निघालेलं असतं. इथे कडा कुरतडलेल्या होत्या आणि कडेला बारीक खुणा, दोन-दोनच्या जोडीने. बरोबरच्या तांडेलकाकांनी एक कवच तळहातावर घेऊन उन्हात धरलं आणि एवढंच म्हणाले, "ह्यो दात उंदराचो." बाजूला लेंड्या पडलेल्याच होत्या. पंख फुटायला आलेलं एक पिल्लू मेलेलं मिळालं, मानेला चावा. परत येताना होडीत कोणी फारसं बोललं नाही.

उंदीर त्या बेटाचा नाही, तो आपल्याच बरोबर गेलाय, जाळ्यांच्या ढिगात नाहीतर तांदळाच्या पिशवीत. थोडंफार पोहतो तो, पण एवढं अंतर असलं की बहुतेक होडीतूनच जातो. आणि हे पक्षी मुळात बेटावर येतात ते तिथे जमिनीवरून येऊन खाणारं कोणी नसतं म्हणून, त्यामुळे उंदीर अंड्याजवळ आला तरी काय करायचं ते त्यांना माहीतच नसतं.

आता महत्त्वाचं सांगतो, पूर्ण वाचा, कारण पैसे याच्यासाठीच पाहिजेत. बरेच जण म्हणाले, चार पिंजरे लावा, पाच-पन्नास मारा, संपलं. तसं नाही होत. मादी एकवीस-बावीस दिवसांत विते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वियायला लागतात, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव मारले आणि एक गाभण मादी राहिली तरी दोन वर्षांत होतं तिथेच. अंटार्क्टिकाच्या वाटेवर साउथ जॉर्जिया नावाचं बेट आहे, तिथे सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर गेले होते. 2011 ते 2015 अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरने आमिष टाकलं, पण काम झालं असं लगेच नाही म्हटलं त्यांनी, पुन्हा कुत्रे घेऊन शोधलं आणि मगच 2018 च्या मे महिन्यात बेट उंदीरमुक्त जाहीर केलं. तिथला गाणारा छोटा पिपिट पक्षी, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही, तो परत सगळीकडे वाढला. आणि दक्षिण अटलांटिक महासागरातल्या गॉफ बेटावर 2021 मध्ये एवढं मोठं काम करून त्याच डिसेंबरात पुन्हा घरउंदीर दिसला. तिथे तो अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याची जिवंत पिल्लं कुरतडतो. थोडं बाकी राहिलं आणि सगळं पाण्यात.

आपलं बेट त्यामानाने चिमुकलं आहे, एका सकाळी फिरून होतं, म्हणून हे आपल्या आवाक्यातलं आहे असं मला मनापासून वाटतं. पण काम फॉरेस्ट खात्याची परमिशन आणि जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय सुरू होणार नाही. विष कोणीही स्वतःच्या डोक्याने टाकायचं नाही, प्लीज. मेलेला उंदीर समुद्री गरुडाने उचलला तर तो पण जातो. आधी पिंजरेच, आणि लागलंच तर विष पाइपच्या बंद डब्यांत, ते पण पक्षी बेटावर नसताना. आमिष सुक्या खोबऱ्याचं. अडचण कुर्ल्यांची आहे, उंदराआधी त्याच खोबरं संपवतात, म्हणून डबे जमिनीपासून वर बांधावे लागणार, त्याला खर्च जास्त येतो. त्यानंतर दोन वर्षं मेणाच्या वड्या ठेवून दातांच्या खुणा तपासायच्या, शाईचे कागद ठेवून पावलं बघायची. हा तपासणीचा भागच कंटाळवाणा आणि देणगीला कोणाच्या नजरेत न भरणारा, आणि खरा पैसा तिथेच लागतो, डिझेलला.

मीटिंगमध्ये एका आजींनी विचारलं, गणपतीचं वाहन ना रे तो, मग मारायचं कसं? प्रश्न बरोबर आहे, मारायला आम्हाला पण आवडत नाही. पण आपण नेऊन सोडलेला जीव दुसऱ्याचं घर उठवतोय, तर तो परत काढायची जबाबदारी पण आपलीच. आजींनी ऐकून घेतलं आणि कनवटीचे पन्नास रुपये दिले, मंडळाच्या वहीत पहिली पावती त्यांचीच आहे.

तर पैसे द्या, शंभर पण चालतील, मुंबईच्या चाकरमान्यांनी गावी येणाऱ्या कोणाच्या हाती पाठवा, पावती घेतल्याशिवाय देऊ नका, हिशोब दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लागेल. ज्याची होडी आहे त्याने महिन्यातून एक फेरी दिली तर ती देणगीपेक्षा मोठी. आणि होडीवाल्या सगळ्यांना कळकळीची विनंती, बेटाकडे जायचंच झालं तर आधी जाळी झटका, पोती उघडून बघा, उरलेलं जेवण तिथे टाकू नका. एवढं नाही केलं तर बाकी सगळं फुकट जाईल.

येत्या रविवारी सकाळी देवळात गाऱ्हाणं घालून मग बंदरावर बसूया. परमिशन हातात आली की डिसेंबरात पहिली फेरी करायचा विचार आहे, होडी देणाऱ्यांनी जमणारे दिवस त्याच वेळी सांगा, म्हणजे भरती-ओहोटी बघून ठरवता येईल.