कुलूपबंद घरांची गणना

नंदुरबार जिल्ह्याचा परिचय करून देणारा आपल्या अंकातील लेख वाचला. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके, २०११ची लोकसंख्या १६,४८,२९५ आणि त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी, ही माहिती अचूक आहे. पण अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरातली माणसे फेब्रुवारीत असतात कुठे, हा प्रश्न लेखात आलाच नाही.

दिवाळी सरली की मोलगीकडे ट्रकमध्ये पातेली, गोधड्या आणि दोरीने पाय बांधलेल्या कोंबड्या चढतात. कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे दाराला कुलूप, नाहीतर अंगणात म्हातारी आणि एखादे नातवंड. आगामी जनगणनेची संदर्भतारीख (ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस) १ मार्च २०२७ आहे, म्हणजे ऐन तोडीचा हंगाम. मोजणीचा सगळा काळ गावाबाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथेच मोजला जातो, अशी आजवरची पद्धत आहे.

हा नुसता आकड्यांचा प्रश्न नाही. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे आरोग्य उपकेंद्र आणि २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. पाड्यावरची डोकी कमी भरली, तर बाळंतिणीला झोळीत घालून चालण्याचे अंतर तेवढेच राहते.

हिमाच्छादित प्रदेशांसाठी संदर्भतारीख १ ऑक्टोबर २०२६ ठेवली आहे. तशी सवलत सातपुड्याच्या या दोन तालुक्यांसाठीही शासनाने मागावी. ऑक्टोबरात बहुतेक माणसे घरीच असतात.

— एक शिक्षक, धडगाव