नंदू, त्या रिपोर्टबद्दल

नाशिक
रविवार, रात्री

प्रिय नंदू,

दुपारी फोनवर तू मध्येच गप्प झालास, तेव्हाच कळलं की वहिनी शेजारी आहेत. म्हणून लिहायला बसलो. फोनवर अर्धवट ऐकायचं आणि ते घेऊन रात्रभर गूगल करत बसायचं, ही तुझी कॉलेजपासूनची खोड. हे पत्र आधी तू नीट वाच, मग वहिनींनाही दे.

जन्मजात आजार शोधण्यासाठी लेकीच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, त्या रिपोर्टचा फोटो पाहिला. ‘अमिनो ॲसिड्स वाढलेली, नमुना पुन्हा पाठवा’ एवढंच त्याच्या शेऱ्यात आहे. अमिनो ॲसिड्स म्हणजे प्रथिनांचे घटक. लेकीला आजार आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आता वरच्या कोपऱ्यात नमुना घेतल्याची तारीख बघ. तो तिसरा दिवस. त्या दिवशी तिला टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण) चालू होतं. म्हणजे तू मला सांगत होतास त्या दोन बाटल्या, एक दुधासारखी पांढरी आणि एक पिवळसर. पांढरीत स्निग्ध पदार्थ असतात. पिवळसर दिसते तिच्यात ग्लुकोज, क्षार, जीवनसत्त्वं आणि अमिनो ॲसिड्स. अमिनो ॲसिड्स थेट शिरेतून जात असताना टाचेला टोचून रक्त घेतलं, तर ती वाढलेलीच दिसणार! खरा आजार असेल तर बहुतेक वेळा एखाददुसरंच अमिनो ॲसिड भलतं वर जातं. तिच्या रिपोर्टमध्ये बरीचशी एकदम थोडी थोडी वर आहेत. हे चित्र टीपीएनचं, एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) कुणालाही ओळखीचं. तरीही ‘सोडून दे’ असं मी म्हणणार नाही. टीपीएन बंद झाल्यावर, पोटातून दूध नीट सुरू झाल्यावर पुन्हा रक्त द्यायचंच.

तू विचारलंस, मग ते टीपीएन दिलंच कशाला? अरे, तिसाव्या आठवड्यात आलेलं बाळ शिदोरी न बांधता निघालेलं असतं. चरबी, लोह, कॅल्शियम हे सगळं आईकडून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं. तिला ते मिळालंच नाही. नुसतं ग्लुकोजचं सलाईन दिलं, तर ती स्वतःचे स्नायू मोडून जगते. म्हणून पहिल्याच दिवसापासून प्रथिनं शिरेतून. पोटातून प्रथिनं मिळायला लागली की दिवसाला किलोमागे साडेतीन-चार ग्रॅमचं लक्ष्य असतं. तू नि मी किलोला एक ग्रॅमवर भागवतो.

आणि ‘१ मिली दूध देतात, ही काय चेष्टा आहे’ असं म्हणू नकोस. तिचं वजन १२५० ग्रॅम. सुरुवातीला दिवसभरात किलोमागे १० ते २० मिली, म्हणजे दर दोन तासांनी एक-दोन मिलीच होतं. ते पोट भरण्यासाठी नसतंच, आतड्याला जागं करण्यासाठी असतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, म्हणून तोवर तोंडातून नळी. पोट फुगलं, हिरवट पाणी परत आलं, तर सिस्टर दूध थांबवतील. तेव्हा त्यांच्याशी भांडायचं नाही. एवढ्या लहान बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडू शकतं, एनईसी म्हणतात त्याला, आणि आम्ही सगळे त्यालाच सर्वांत जास्त घाबरतो. सगळं सुरळीत गेलं तर ती हळूहळू किलोमागे १६० मिलीपर्यंत पोचेल. तिच्या वजनाला म्हणजे दिवसाला २०० मिली. पहिल्या आठवड्यात वजन उतरेल, तो उतार धरूनच चालायचं. नंतर दिवसाला वीसेक ग्रॅम वाढलं की आम्ही खूश.

एनईसीविरुद्ध सर्वांत मोठं हत्यार वहिनींकडे आहे. दिवसातून आठ वेळा तरी दूध काढायचं, रात्रीसुद्धा. पहिले दिवस थेंब-थेंब आलं तरी चालेल. चीक गालाच्या आतून नुसता फिरवला तरी त्याचं मोल आहे. अपुऱ्या दिवसांच्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनंही जास्त असतात. पुढे तेही कमी पडतं, तेव्हा त्यात फोर्टिफायरची (प्रथिनं-क्षार वाढवणारी) पुडी मिसळतील. त्याचा अर्थ वहिनींचं दूध ‘पातळ’ आहे असा कुणी काढला तर माझ्या नावाने त्याला झापायचं. दूध उतरेपर्यंत मिल्क बँकेचं दूध सुचवलं तर बिनदिक्कत हो म्हण. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. दात्या आईची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हा कागद काळा करतोय. त्याच रिपोर्टमध्ये थायरॉइडपुढे ‘नॉर्मल’ आहे, आणि त्यावर तू सुटकेचा श्वास टाकलास. मला वाढलेल्या अमिनो ॲसिडपेक्षा त्या ‘नॉर्मल’ची काळजी जास्त वाटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू थायरॉइडला हाक मारायला उशीर करतो. ग्रंथी कमी काम करत असली तरी टीएसएच, म्हणजे ती हाक पोचवणारं संप्रेरक, अनेकदा पहिल्या आठवड्यात वर जात नाही, दोन-चार आठवड्यांनी जातं. तिला रक्तदाबासाठी डोपामाइन चालू होतं ना? त्यानेही टीएसएच दबतं. आपल्याकडे हजार-अकराशे बाळांमागे एकाला हा दोष असतो. रोजची स्वस्तातली गोळी वेळेवर सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. म्हणून महिन्याच्या आसपास पुन्हा तपासणी हवीच. आणि नेमका तेव्हाच डिस्चार्ज असतो, सगळे पेढे वाटण्यात, आणि तपासणीचं कार्ड फाइलमध्ये. गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांतून ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे अजूनही बहुतेक वेळा आई-बापालाच मागे लागावं लागतं. तेव्हा तू लाग.

१७-ओएचपी (मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या आजारासाठी मोजतात ते संप्रेरक) थोडं वर आहे, ते अशा बाळांत नेहमीचंच. वजनानुसार मोजपट्टी लावली का, एवढं लॅबला विचार.

रक्त चढवलंय असं म्हणालास. ते टाचेच्या नमुन्याआधी की नंतर? आधी असेल, तर सिकलसेल, जीसिक्सपीडी (लाल पेशींतल्या एका विकराची कमतरता), गॅलॅक्टोसीमिया (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येणं) यांच्या निकालात तिच्याबरोबर दात्याचंही रक्त बोलतंय. वहिनींचं माहेर गोंदियाचं, तेव्हा सिकलसेल सोडून चालणार नाही. तिच्या रक्तासाठी तीन-चार महिने थांबावं लागेल, पण तुम्हा दोघांचं एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) उद्याही होईल. गॅलॅक्टोसीमियाला आणखी एक मेख आहे: दूध पोटात गेलेलंच नसेल तर रक्तात गॅलॅक्टोज वाढणार कुठून? म्हणजे ती पातळी नॉर्मल दिसली तरी दूध सुरू झाल्यावर पुन्हा बघायची.

डोळ्यांची आरओपी तपासणी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाची) चौथ्या आठवड्यात, आणि कानांसाठी ‘बेरा’च (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी) करायला सांग. एनआयसीयूतल्या बाळाला नुसती ओएई (फक्त आतल्या कानाची चाचणी) पुरत नाही.

काकूंना माझा नमस्कार सांग. घुटी आणि सोनं-मध यातलं काहीही नको, वर्ष होईपर्यंत मध तर अजिबात नको. मुलगा ऐकत नाही म्हणून रागावल्या तर माझं नाव पुढे कर, माझ्यावर त्या फार वेळ रागावत नाहीत. त्यांना काही करायचंच असेल तर वहिनींच्या जेवणाकडे बघू देत आणि दुपारी तासभर झोपू देत.

शुक्रवारच्या गाडीने येतोय. तोवर टीपीएन कधी सुरू झालं, कधी थांबलं, रक्त कधी चढवलं आणि नमुना किती वाजता घेतला, हे सिस्टरकडून कागदावर लिहून घे. त्यांच्या चार्टवर सगळं असतं, फक्त राउंडच्या वेळी विचारू नकोस.

तुझा,
अव्या