पऱ्हाटीचा गॅस आणि भट्टीचे तापमान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) बांधावर पेटवण्याऐवजी त्यांच्यापासून गॅस करून त्यावर इंजिन चालवावे व वीज करावी, अशी सूचना आपल्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा येते. सूचना रास्त आहे. पण गॅसिफायर (कमी हवेत जळण तापवून गॅस करणारी भट्टी) बंद पडला की दोष यंत्राला दिला जातो आणि भट्टीत किती तापमान होते हे कोणी विचारतच नाही. खरे दुखणे बहुधा तिथेच असते.

जळण हळूहळू तापवले तर कोळसा जास्त उरतो. कोळसा पाडणारे हेच करतात. झपाट्याने तापवले तर कोळसा कमी आणि वाफा जास्त निघतात. या वाफा 1000 अंश सेल्सिअसच्या वरच्या निखाऱ्यांतून गेल्या, तर त्यांतले टार (डांबरासारखा चिकट पदार्थ) फुटून त्याचा गॅस होतो. तेवढी धग मिळाली नाही, तर तेच टार पुढे थंड पाइपात आणि इंजिनाच्या व्हॉल्व्हवर गोठते. डाउनड्राफ्ट भट्टीला, म्हणजे जिच्यात गॅस वरून खाली ओढला जातो तिला, अरुंद गळा असतो तो यासाठीच. त्याच्या खाली कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तापलेल्या कोळशाशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. ही क्रिया उष्णता शोषून घेते. कोळशाचा थर 800 ते 900 अंशांवर असेल तोवर ती जोमात चालते; 700च्या खाली गेला की पार मंदावते आणि गॅस पेट घेईनासा होतो.

ओलाव्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तीस टक्के ओल असलेल्या दहा किलो पऱ्हाटीत तीन किलो पाणी असते. नुसती त्याची वाफ करायला सुमारे 1900 किलोकॅलरी लागतात. एकूण उष्णतेच्या मानाने आकडा लहान वाटेल, पण ही उष्णता धगीच्या पट्ट्यातूनच, म्हणजे भट्टीच्या सर्वांत तापलेल्या भागातूनच, ओढली जाते, आणि पुढे ती वाफही तिथेच तापवावी लागते. म्हणून ओल 15 टक्क्यांच्या आत हवी, 20च्या वर कदापि नको. पावसाळ्यासाठी सुके जळण साठवायला शेड नसेल, तर प्रकल्प चार महिने बंदच राहणार.

हवेचेही तसेच. एक किलो सुके लाकूड पूर्ण जळायला सुमारे सहा किलो हवा लागते, गॅस करायला साधारण दीड किलो. जास्त हवा दिली तर तापमान चढते, पण तयार झालेला गॅस भट्टीतच जळून जातो. कमी दिली तर थर थंडावतो. इंजिन हवा ओढते ती लोडप्रमाणे. त्यामुळे 100 किलोवॉटच्या संचावर 25 किलोवॉटचा भार ठेवला की धग उतरते आणि टार वाढते. मोठा संच घेऊन ठेवू, पुढे कामी येईल, हा विचार इथे महागात पडतो.

पऱ्हाटीची अडचण आणखी वेगळी. सालीचे धागे एकमेकांत गुंततात, वर कमान धरते, खाली पोकळी होते आणि हवा एकाच वाटेने धावते. दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून भुसा चाळूनच भरावे. उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना माती चिकटलेली असते. तिच्यातली सिलिका आणि राखेतले पोटॅश एकत्र वितळून खंगर विटेसारखे गठ्ठे भट्टीच्या तळाच्या जाळीवर बसतात. मुळे झटकून किंवा छाटूनच आणावीत.

गॅस इंजिनाला जोडण्याआधी तपासणी सोपी आहे. सुरुवातीचा गॅस, थर तापेपर्यंत, बाहेर फ्लेअरवरच (गॅस जाळून टाकण्याच्या नळीवर) जाळावा. मग नमुन्याच्या कॉकसमोर पांढरा फिल्टर पेपर धरावा. कोरडा काळा डाग पडला तर ती कोळशाची धूळ. तपकिरी आणि बोटाला चिकटणारा डाग पडला तर टार आहे, इंजिन सुरू करू नये. हे काम उघड्यावरच करावे. या गॅसमध्ये सुमारे 20 टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.

अनुदान देणाऱ्यांनी फक्त किलोवॉट पाहू नयेत. धगीच्या पट्ट्यात आणि जाळीच्या वर असे दोन थर्मोकपल (तापमान मोजणारी साधने), जळणासाठी ओलावामापक आणि शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, या गोष्टी निविदेतच बंधनकारक कराव्यात. थर्मोकपल धगीत झिजतात, तेव्हा ते बदलण्याचा खर्चही देखभालीच्या करारात आधीच धरावा.

आपला,
एक वाचक, यवतमाळ