पालकमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या पोरांना गांज्याबद्दल खरे सांगा

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझी बरीच मुले यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतली. "मॅडम, वाचतो, पण डोक्यात राहत नाही," असे सांगणाऱ्यांपैकी काही जण गांजा ओढतात, हे मला ठाऊक आहे.

२६ जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनी, व्यसनविरोधी फेरी निघते, कवटीची चित्रे लागतात. मुले बघतात आणि पुढे जातात, कारण त्यांच्या ओळखीचा गांजा ओढणारा कुणी मेलेला नसतो. स्मरणशक्तीचा विषय काढला की मात्र मागचा बाकही ऐकतो.

नवी आठवण घडवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. तिथे सीबी-१ नावाचे ग्राही, म्हणजे ठरावीक रसायने पकडणारे रेणू, दाटीने असतात. मेंदू त्यांच्यासाठी स्वतःचे रसायन बनवतो, पण गरजेपुरते आणि थोड्याच वेळापुरते. गांज्यातले नशा आणणारे रसायन, टीएचसी, तिथेच तासन्‌तास ठाण मांडते. त्यामुळे नशेत जुने आठवते, नवे साठत नाही. त्यात मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालूच असते.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात (२०१२) किशोरवयापासून वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ८ गुणांनी घसरलेला दिसला. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने या निष्कर्षावर शंका घेतली. म्हणून तो आकडा फलकावर छापू नका. एक गोष्ट फुगवलेली निघाली की पोरे बाकीचेही ऐकत नाहीत. त्यापेक्षा हे छापा: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात १६ ते २५ वयाच्या मुलांनी महिनाभर गांजा थांबवला, तेव्हा त्यांची नवे लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, आणि तीही बरीचशी पहिल्याच आठवड्यात. बारावीच्या पोराला याहून कामाची बातमी कोणती?

पण सोडायचे तर जायचे कुठे? विडी वळणाऱ्या आईचा पहिला प्रश्न असतो, "पोलिसांत नाव जाईल का?" १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. हे आईबापांना कुणी सांगितलेलेच नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

साहेब, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात तरुणांसाठी संध्याकाळची वेळ ठेवा. सकाळी ही पोरे कारखान्यात नाहीतर कॉलेजात असतात. कलम ६४-अ आणि १४४४६ हा व्यसनमुक्ती मदत क्रमांक मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहून प्रत्येक शाळेत, रेशन दुकानात, विडी कारखान्यात लावा. येत्या २६ जूनच्या आधी हे व्हावे. मजकूर तपासायला आणि तेलुगूत करून घ्यायला आम्ही काही शिक्षक तयार आहोत.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका, सोलापूर