बाबा, उठताना हात टेकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

दिवाळीहून परत येऊन पंधरा दिवस झाले, पण एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. भाऊबीजेच्या सकाळी बाबा ओसरीतल्या खुर्चीवरून उठत होते. दोन्ही हात दांड्यांवर रोवले, अर्धे उठले, परत बसले, मग गुडघे दाबत कसेबसे उभे राहिले. मला पाहवलं नाही.

बाबा, चाळीस वर्षं तुम्ही डवरा धरला. धुऱ्याधुऱ्यानं वावराची चक्कर झाल्याशिवाय चहा घेतला नाही. मग वावर ठेक्यानं दिलं, दादानं फटफटी घेतली, आणि आता पानठेल्यापर्यंतही तुम्ही मागं बसून जाता. कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी आराम सांगितला होता, तो तेवढ्यापुरता. तुमचा आराम अजून सुरूच आहे. वयानं मांसपेशी घटतातच. बसून राहिलं की फार लवकर घटतात. मांड्यांतलं बळ गेलं की तोलही जातो. आजी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि बाजेवरून परत उठली नाही. मला त्याचीच धास्ती आहे.

तुम्हीच सांगायचात, गावच्या आखाड्यात शंभर बैठका काढायचो म्हणून. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला कबड्डी दाखवली, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. बाबा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं म्हणजे अर्धी बैठकच आहे. तिथूनच सुरू करा.

लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. प्लास्टिकची नको, ती सारवलेल्या जमिनीवर सरकते. कडेवर बसा, पावलं जरा मागं घ्या, हातांची छातीवर घडी, पुढं झुका आणि उठा. उठताना श्वास सोडा, रोखू नका. बसताना धपकन बसू नका. सावकाश बसण्यातच मांड्यांना जास्त काम पडतं. हाताशिवाय जमलंच नाही तर खुर्चीत बसायच्या जागी गोधडीची घडी ठेवून उंची वाढवा. आधी पाच वेळा, मग हळूहळू दहा.

आई, तू म्हणशील, मी तर दिवसभर राबतेच. राबतेस, पण सगळं वाकून नाहीतर बसून. चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा उचल, खाली टेकव, दहादा. ते जमलं की ओटा न सोडता एका पायावर उभी राहा. तोल असाच सुधारतो. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगते, शिवाय 150 मिनिटं जरा भरभर चालणं. रोजची वीस-बावीस मिनिटं झाली.

ती चालायची मिनिटं दोन भागांत करा. रात्री जेवण झालं की दोघं मारुतीच्या पारापर्यंत जाऊन या. आई, तुझ्या साखरेसाठी हे फार मोलाचं आहे; चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. हातात बॅटरी असू द्या, पांदणीकडे वळू नका. बोलता येईल पण भजन म्हणता येणार नाही, एवढी चाल ठेवा. सकाळी सध्या गारठा आहे, अंगणात ऊन आल्यावरच निघा. फाल्गुनापर्यंत सवय लागली तर उन्हाळ्यात पहाटेच उरकता येईल. आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत दिवसा पाऊल घालू नका.

छातीत दाटलं, भोवळ आली, तर तिथंच थांबा आणि दादाला सांगा. मला काळजी नको म्हणून लपवू नका.

रविवारी फोन करते. बाबा किती वेळा उठले, ते आईनं मोजून सांगायचं. संक्रांतीला येईन तेव्हा तुमच्या शेजारी मीही खुर्ची मांडणार आहे.

तुमची,
छोटी