आर्टिचोक चिरायचा नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ताज्या आर्टिचोकची, म्हणजे भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या एका काटेरी कळीची, कृती छापून आली आहे. ‘बारीक चिरून कांद्यावर परतावा, देठ टाकून द्यावा’ असे त्यात लिहिले आहे. वाचून राहवले नाही, कारण नेमकी हीच चूक मी केली होती.

मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली. गेली बारा वर्षे लेकीकडे, कॅलिफोर्नियात सॅलिनासला राहते. इथून गाडीने पाव तासावर कॅस्ट्रोव्हिल गाव आहे. 1920च्या दशकात इटालियन शेतकऱ्यांनी तिथे आर्टिचोक लावला. समुद्रावरचे धुके आणि थंड हवा त्याला मानवली. आज अमेरिकेत पिकणारा जवळजवळ सगळा आर्टिचोक कॅलिफोर्नियातलाच असतो.

इथे आले त्या वर्षी मी तो कोबीसारखा चिरला, फोडणीला टाकला, दाण्याचे कूट घातले. चावून चावून तोंडात चोथाच राहिला. तेवढ्यात नातीच्या घशात कळीच्या आतले केसांसारखे तंतू अडकले आणि तिला असा ठसका लागला की मी घाबरून गेले. पुढे शेजारच्या आजींनी मला त्यांच्या ओट्यापाशी उभे करून सगळे शिकवले.

आर्टिचोक ही न उमललेली कळी आहे, आपल्या करडईच्याच कुळातली. करडईचे बोंड उसवून पाहिलेल्याला ती लगेच कळेल: बाहेर काटेरी दले, आत फुलाचे केस. शेतात ठेवली तर हेच केस जांभळे होऊन फुलतात. जून कळीतले ते खायचे नसतात.

घेताना कळी हाताला जड आणि मिटलेली हवी. दाबली की करकर वाजते. वरचा इंचभर भाग कापायचा, दलांची टोके कात्रीने छाटायची आणि कापल्या जागी लगेच लिंबू चोळायचे, नाहीतर केळफुलासारखी काळी पडते. लोखंडी विळी आणि ॲल्युमिनियमचे पातेलेही नको, त्यानेही रंग जातो. मी मोदकपात्रात कळ्या पालथ्या ठेवून पाऊण तास वाफवते. मधल्या रांगेतले एक दल ओढून पाहायचे. अलगद सुटले की झाले.

खायचे ते शेवग्याच्या शेंगेसारखे. एकेक दल ओढायचे, त्याचे बूड पातळ केलेल्या लोण्यात बुडवायचे, दातांत धरून आतला गर ओरपायचा आणि उरलेले ताटात ठेवायचे. मी साजूक तुपात लसूण आणि लिंबू घालते. बाहेरच्या दलांना गर थोडा, आत जावे तसा वाढत जातो. शेवटी कागदासारखी पातळ, जांभळट पाने लागतात आणि त्यांच्याखाली ते केस. ते चमच्याने पूर्ण खरवडून टाकायचे. खाली उरते ती वाटीएवढी मऊ चकती. सगळी खटपट तिच्यासाठी. देठ सोलला की आतला गाभाही याच चवीचा निघतो, म्हणून तो टाकून द्यायला सांगितलेले मला फार लागले. विकतच्या डबाबंद आंबट तुकड्यांना ही चव नाही.

वर पाणी प्यायलात तर आवळा खाल्ल्यावर लागते तसे गोड लागेल. सायनारिन नावाच्या घटकामुळे तसे होते. नात आता कॉलेजात आहे. सुट्टीत आली की पाणी हाताशी घेऊनच बसते. एक कळी संपवायला आम्हाला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ ती माझ्याशी बोलत असते.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांतही आता ताजा आर्टिचोक अधूनमधून दिसतो. कोणी ती कृती कापून ठेवली असेल, तर पुढच्या रविवारी निदान एवढे छापावे: आतले केस काढल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये.

आपली,
एक जुनी वाचक, सॅलिनास (कॅलिफोर्निया)