नाट्यशिक्षणातले तीन विषय एकाच तालमीत शिकवावेत

मा. संपादक,
स. न.

नाट्यशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात अभिनय, रंगमंच-आकल्पन (म्हणजे नेपथ्य, प्रकाश यांची रचना) आणि रंगभूमीचा इतिहास हे तिन्ही विषय असतात. परंतु पुष्कळदा अभिनय तालमीच्या सभागृहात, आकल्पन कार्यशाळेत आणि इतिहास बाकावर बसून, असे ते वेगवेगळे शिकवले जातात आणि परीक्षाही वेगवेगळी होते. या फारकतीने तिन्ही विषयांचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश घ्या. तो मध्यरात्री किल्ल्याच्या तटावर घडतो. पण ज्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरची नाटके होत, ते वरून उघडे होते आणि प्रयोग दुपारी होत असत. म्हणजे लख्ख उजेडात काळोख उभा करण्याची जबाबदारी नटांवर आणि शब्दांवर होती. म्हणूनच प्रवेशाची सुरुवात ‘कोण आहे?’ या प्रश्नाने होते, आणि तोही पहाऱ्यावर असलेला शिपाई नव्हे, तर त्याची पाळी बदलायला आलेला शिपाई विचारतो; पुढे लगेच बारा वाजल्याचा आणि कडाक्याच्या थंडीचा उल्लेख येतो. हे ठाऊक असलेला विद्यार्थी ते वाक्य नुसते मोठ्याने म्हणणार नाही, तर समोरचे काहीच दिसत नसलेल्या माणसासारखा उभा राहील. प्रकाशयोजना करणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही मग खरा प्रश्न उभा राहतो : अंधार शब्दांतच असताना दिव्यांनी तो पुन्हा किती दाखवायचा? इतिहासाच्या पेपरात ‘एलिझाबेथकालीन रंगभूमी’वर टीप लिहून या दोघांपैकी कोणालाही हे उमगणार नाही.

प्रकाशाच्या इतिहासाचेही तसेच आहे. १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे आले आणि त्यानंतरच्या काळात अडोल्फ आपिया या स्विस रंगमंच-आकल्पकाने असे मांडले, की सपाट पडद्यावर रंगवलेला देखावा आणि त्याच्यापुढे वावरणारा त्रिमितीय मानवी देह यांचा मेळ बसत नाही. वर्गात हे वाक्य उतरवून घेता येते. पण एक रंगवलेला पडदा, त्याच्यापुढे एक विद्यार्थी आणि हातात एकच दिवा घेतला, तर ते डोळ्यांना दिसते. दिवा अगदी समोर धरला की चेहरा सपाट होतो आणि पडद्याशी जुळतो. तोच दिवा बाजूला नेऊन पंचेचाळीस अंशांत वर उचलला की नाकाची सावली गालावर पडते, चेहऱ्याला खोली येते, आणि मागचे चितारलेले खांब खोटे वाटू लागतात. एवढे पाहिलेल्या मुलांना आपिया वेगळा पाठ करावा लागत नाही.

विद्यार्थी अभिनयासाठीच येतात, त्यांना बाकीच्यात रस नसतो, असा आक्षेप घेतला जातो. रस नसतो हे अंशतः खरे आहे. पण विंगेत उभे राहून, हातात संहिता धरून, प्रत्येक एन्ट्रीला आणि दिव्यांच्या प्रत्येक बदलाला इशारा देण्याचे काम ज्याने एका प्रयोगापुरते तरी केले आहे, त्याला आपल्या एका उशिरा पडलेल्या पावलाने काय काय कोलमडते हे कळते, आणि त्याचा अभिनयही शिस्तीचा होतो. शिवाय पदवी घेणारे सगळेच नट होत नाहीत, हे शिक्षकांना आधीपासून माहीत असते. विद्यार्थ्यांनाही ते प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे.

अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे, की दरवर्षी निदान एका सत्रात एकच नाटक तिन्ही विषयांचा पाया म्हणून घ्यावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्या प्रयोगात एक काम रंगमंचावर व एक पडद्यामागे करावे. इतिहासाचे निम्मे गुण टिपांऐवजी तालमीच्या वहीला द्यावेत. त्या वहीत नेपथ्याचा आराखडा, प्रकाशाचे टिपण आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले असावे, आणि तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून ती तपासावी.

आपला,
एक नाट्यशिक्षक